बचत खात्यात पैसे भरण्याच्या बदललेल्या पद्धती

शेतमालाची विक्री झाली, दुधाचा पगार झाला किंवा शासनाचे अनुदान मंजूर झाले, की त्या रकमेचा शेवटचा मुक्काम बहुतेक शेतकऱ्यांच्या बाबतीत बँकेतील बचत खाते हाच असतो. पिकाची काळजी आपण पेरणीपासून काढणीपर्यंत घेतो. परंतु पिकाचे पैसे खात्यात नीट जमा झाले किंवा नाही, याकडे अनेकदा पुरेसे लक्ष दिले जात नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खात्यात पैसे भरण्याच्या पद्धती पूर्णपणे बदलल्या आहेत. त्या बदलांबरोबर खातेदाराची जबाबदारीही बदलली आहे. या लेखात पैसे भरण्याच्या निरनिराळ्या पद्धती आणि प्रत्येक पद्धतीत घ्यावयाची काळजी यांची माहिती दिली आहे.

पूर्वीची पद्धत आणि आजचा फरक

पूर्वी खाते ज्या शाखेत, त्याच शाखेत जाऊन पैसे भरावे लागत. पावतीवर नाव, खाते क्रमांक आणि नोटांचा तपशील लिहायचा, रोखपालाने नोटा मोजून शिक्का मारायचा आणि कारकुनाने खतावणीत व पासबुकात नोंद करायची, अशी रीत होती. या पद्धतीत वेळ जात असे, पण तिचा एक फायदा होता. रोखपाल आणि कारकून खातेदाराला ओळखत असत. खाते क्रमांकातील एखादा आकडा चुकला तरी नावावरून चूक लक्षात येई.

पुढे शाखा संगणकाने एकमेकींना जोडल्या गेल्या. बँकेच्या कोणत्याही शाखेत पैसे भरता येऊ लागले आणि एका बँकेतून दुसऱ्या बँकेत रक्कम पाठविणे सोपे झाले. मात्र संगणक माणूस ओळखत नाही, तो क्रमांक ओळखतो. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की, बँकांमधील इलेक्ट्रॉनिक भरणा केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा करता येईल, नाव जुळविण्याची आवश्यकता राहणार नाही आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पैसे पाठविणाऱ्याची राहील. आजच्या सर्व पद्धतींचे मर्म येथे आहे. पूर्वी तपासणीचे जे काम रोखपाल करीत असे, ते आता खातेदाराने आणि पैसे पाठविणाऱ्याने करावयाचे आहे.

बदल अचानक झाल्यास काय होते, याचा अनुभव महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये घेतला आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १,००० रुपयांच्या तेव्हाच्या नोटा रद्द झाल्या आणि १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना त्या जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. ज्यांचे एकमेव खाते जिल्हा बँकेत होते, त्यांना स्वतःच्याच खात्यात पैसे भरता येईनात. खात्यात पैसे भरण्याचे एकाहून अधिक मार्ग माहीत असणे किती उपयोगी आहे, हे यावरून ध्यानात येईल.

१. शाखेत रोख भरणा

ही जुनी पद्धत आजही सुरू आहे आणि मोठ्या रकमेसाठी ती सोयीची आहे. नोटा मूल्यानुसार वेगवेगळ्या लावून घ्याव्यात. गठ्ठ्याला टाचण्या मारू नयेत. पावतीच्या दोन्ही भागांवर खाते क्रमांक व रक्कम सारखीच लिहिली आहे ना, हे पाहावे. शिक्का व सही असलेला आपला भाग घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

रोखपालास एखादी नोट बनावट आढळल्यास तो ती परत देत नाही. नोटेवर शिक्का मारून ती जप्त केली जाते व तिचे पैसे खात्यात जमा होत नाहीत. अशा वेळी जप्तीची पोच मागून घ्यावी. बाजारात रोखीने माल विकणाऱ्यांनी म्हणूनच नोटा तेथेच, विक्रीच्या जागी पारखून घ्याव्यात. भाजीपाला व दूध विकणाऱ्यांकडे नाणी बरीच जमतात. चलनात असलेली सर्व मूल्यांची नाणी बँकांनी स्वीकारावीत, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. दहा रुपयांची निरनिराळ्या नक्षीची नाणीही चलनात ग्राह्य आहेत.

आपले खाते नसलेल्या शाखेत रोख भरल्यास काही बँका ठराविक मर्यादेनंतर शुल्क आकारतात. प्रत्येक बँकेचे दर वेगळे असल्याने ते अगोदर विचारून घ्यावेत.

२. रोख भरणा यंत्र

अनेक बँकांनी तालुक्याच्या ठिकाणी रोख स्वीकारणारी यंत्रे बसविली आहेत. एटीएम कार्ड घालून किंवा खाते क्रमांक दाबून नोटा यंत्राच्या कप्प्यात ठेवल्या, की यंत्र त्या मोजते आणि रक्कम लगेच खात्यात जमा करते. कार्डाऐवजी यूपीआयच्या साहाय्याने यंत्रात रोख भरण्याच्या सोयीची घोषणा रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये केली. त्यानंतर काही बँकांच्या यंत्रांवर ही सोय उपलब्ध झाली आहे.

यंत्र वापरताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

अ) नोटा घरी किंवा दुकानात मोजून न्याव्यात. यंत्राजवळ मोजत बसू नये.
ब) ओल्या, चिकटलेल्या, दुमडलेल्या किंवा फाटक्या नोटा यंत्र परत करते. त्या बाजूला काढून शाखेत भराव्यात.
क) खाते क्रमांक दाबल्यावर पडद्यावर खातेदाराचे नाव येते. ते वाचल्याशिवाय पुढचे बटण दाबू नये. स्वतः वाचता येत नसेल, तर घरातील माणूस बरोबर न्यावा, अनोळखी माणसाची मदत घेऊ नये.
ड) यंत्राने दाखविलेली रक्कम आणि आपण मोजलेली रक्कम जुळली तरच मान्यता द्यावी.
इ) छापील पावती निघेपर्यंत थांबावे. नोटा आत गेल्या व पावती आली नाही, तर यंत्राचा क्रमांक, तारीख व वेळ लिहून घेऊन त्याच दिवशी शाखेत लेखी तक्रार द्यावी.

३. बँक मित्र आणि टपाल बँक

बँकेच्या वतीने गावात व्यवहार करणारे प्रतिनिधी नेमण्यास रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये परवानगी दिली. यांनाच आपण बँक मित्र म्हणतो. आधार क्रमांक व अंगठ्याच्या ठशावरून ते हातातील यंत्राद्वारे पैसे भरून घेतात व देतात. १ सप्टेंबर २०१८ पासून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमनही घरपोच ही सेवा देऊ लागले. एका व्यवहाराची मर्यादा साधारणपणे १०,००० रुपये असते. म्हणून लहान रकमांसाठी ही सोय चांगली आहे, तालुक्याची फेरी व भाडे वाचते.

येथे एकच नियम कटाक्षाने पाळावा. पैसे दिले की यंत्राची पावती तेथेच घ्यावी. 'यंत्राला रेंज नाही, पैसे ठेवून जा, संध्याकाळी भरतो' असे सांगितल्यास पैसे ठेवू नयेत, मग तो प्रतिनिधी गावातला व ओळखीचा का असेना. बँक मित्राच्या वहीतील नोंद म्हणजे बँकेतील जमा नव्हे. तसेच 'अंगठा नीट उमटला नाही' म्हणून पुन्हा अंगठा मागितल्यास, आधीचा व्यवहार रद्द झाल्याची पावती किंवा संदेश पाहूनच दुसऱ्यांदा अंगठा द्यावा.

४. धनादेश

व्यापारी, साखर कारखाना किंवा सोसायटीकडून धनादेश मिळाल्यास प्रथम तारीख, नाव, अंकी व अक्षरी रक्कम आणि सही पाहावी. १ एप्रिल २०१२ पासून धनादेश त्यावरील तारखेपासून तीनच महिने चालतो. पूर्वी ही मुदत सहा महिने होती. 'सुगी झाली की टाकू' म्हणून धनादेश पेटीत ठेवून देणे नुकसानीचे ठरते.

धनादेश आता गाडीने एका गावाहून दुसऱ्या गावी जात नाही, त्याची प्रतिमा पाठविली जाते. त्यामुळे परगावच्या धनादेशासही फार दिवस लागत नाहीत. ४ ऑक्टोबर २०२५ पासून ही पद्धत अधिक जलद करण्यात आली. पहिल्या टप्प्यात शाखांनी सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत धनादेशांच्या प्रतिमा पाठवीत राहाव्यात आणि देणाऱ्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत निर्णय कळवावा, असे ठरविण्यात आले. वेळ वाचल्याचा फायदा आहेच, पण नकारही लवकर कळतो.

धनादेश पेटीत टाकण्याची सोय असली, तरी खिडकीवर देऊन पोच मागण्याचा खातेदारास हक्क आहे. धनादेशाच्या मागे आपला खाते क्रमांक व मोबाईल क्रमांक लिहावा. खात्यात पैसे नसल्याने धनादेश परत आल्यास बँकेकडून परतीचा मेमो घ्यावा. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत देणाऱ्यास लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत त्याने पैसे न दिल्यास पुढील एक महिन्यात न्यायालयात तक्रार करता येते. तोंडी वायद्यांवर विसंबून या मुदती टळू देऊ नयेत.

५. बँकेतून बँकेत रक्कम: एनईएफटी व आरटीजीएस

बाहेरगावचा व्यापारी आपल्या बँकेतून आपल्या खात्यात थेट रक्कम पाठवू शकतो. त्यासाठी एनईएफटी ही सेवा २००५ मध्ये सुरू झाली. १६ डिसेंबर २०१९ पासून ती वर्षातील सर्व दिवस, चोवीस तास उपलब्ध झाली. दोन लाख व त्यापुढील रकमेसाठी आरटीजीएस ही सेवा असून ती १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू झाली. म्हणून 'आज रविवार आहे, पैसे जाणार नाहीत' हे कारण आता पटण्यासारखे राहिलेले नाही. एनईएफटीची रक्कम दर अर्ध्या तासाच्या तुकडीने जाते व त्या तुकडीपासून दोन तासांच्या आत खात्यात जमा व्हावी किंवा पाठविणाऱ्यास परत जावी, असा नियम आहे.

पैसे मागविताना व्यापाऱ्यास तीन गोष्टी लेखी द्याव्यात: पासबुकाप्रमाणे नाव, पूर्ण खाते क्रमांक आणि शाखेचा आयएफएससी संकेतांक. या संकेतांकात एकूण अकरा अक्षरे व अंक असतात. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचव्या जागी नेहमी शून्य आणि शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' लिहिण्याची चूक सर्रास होते.

बँकांच्या विलीनीकरणामुळेही संकेतांक बदलतात. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक व विजया बँक या बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. १ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक व महाराष्ट्र ग्रामीण बँक यांची मिळून एकच बँक झाली. जुन्या पासबुकावरचा संकेतांक तसाच देत राहिल्यास रक्कम अडकू शकते. म्हणून दरवर्षी हंगामापूर्वी पासबुक भरून घेताना संकेतांक व खाते क्रमांक शाखेतून खात्रीने तपासून घ्यावा.

नावाची जुळणी होत नसल्याने एक आकडा चुकला तरी रक्कम तिसऱ्याच्या खात्यात जाण्याचा धोका राहतो. ही उणीव दूर करण्यासाठी इंटरनेट वा मोबाईल बँकिंगने, तसेच शाखेतून एनईएफटी व आरटीजीएस करताना, रक्कम पाठविण्यापूर्वी समोरच्या खातेदाराचे नाव दाखविण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले. पैसे पाठविताना 'नाव दाखवा' असे अवश्य म्हणावे.

६. यूपीआय

२०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे मोबाईलवरून काही क्षणांत खात्यात पैसे येतात. साध्या मोबाईलसाठी यूपीआय १२३ पे ही सोय मार्च २०२२ मध्ये आली. आठवडे बाजारातील किरकोळ विक्रीसाठी ही पद्धत सोयीची आहे, सुट्ट्या पैशांची अडचण राहत नाही.

मात्र फसवणुकीचे प्रकारही याच पद्धतीत अधिक दिसतात. शेतकऱ्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: पैसे घेण्यासाठी गुप्त पिन लागत नाही, तो फक्त पैसे देण्यासाठी लागतो. 'तुमच्या बैलाचे, कांद्याचे पैसे पाठवतो, फक्त पिन दाबा' असे फोनवरून कोणी सांगितल्यास तो आपले पैसे काढून घेत आहे, असे समजावे.

दुसरे असे की, खरेदीदाराने स्वतःच्या मोबाईलवर दाखविलेले हिरव्या खुणेचे चित्र हा पैसे मिळाल्याचा पुरावा नव्हे. तसे चित्र बनविताही येते. आपल्या खात्यातील शिल्लक पाहूनच माल गाडीत भरू द्यावा. पाठविणाऱ्याच्या खात्यातून पैसे गेले आणि आपल्याकडे आले नाहीत, असे झाल्यास दुसऱ्या दिवसापर्यंत ते त्याच्या खात्यात आपोआप परत जाणे आवश्यक आहे. तसे न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी त्यास १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये केला.

७. अनुदानाची रक्कम

पीएम किसानसारख्या योजनांची रक्कम आधार क्रमांकाच्या आधारे जमा होते. एखाद्याची दोन-तीन बँकांत खाती असली, तरी आधाराशी या कामासाठी एकाच वेळी एकच बँक जोडलेली असते. ज्या बँकेत शेवटी जोडणी केली, तेथे रक्कम जाते. 'हप्ता आला नाही' अशी तक्रार करणाऱ्यांपैकी काहींचा हप्ता त्यांच्याच दुसऱ्या, विसरलेल्या खात्यात गेलेला असतो. नवीन खाते उघडताना आधार जोडणीच्या कागदावर सही करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. आपली कोणती बँक जोडलेली आहे, हे शाखेत किंवा सेवा केंद्रात पाहता येते.

८. रोख रकमेच्या मर्यादा

१ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्याने एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई केली. हा नियम घेणाऱ्यास लागू आहे व दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. उदाहरणार्थ, ४५ क्विंटल सोयाबीन ४,५०० रुपये दराने विकल्यास २,०२,५०० रुपये होतात. ही रक्कम दोन-तीन दिवसांत तुकडे करून रोखीने घेतली, तरी व्यवहार एकच राहतो. म्हणून अशी रक्कम धनादेशाने किंवा खात्यातच घ्यावी.

शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असले, तरी मोठी रोख रक्कम खात्यात भरताना तिचा उगम दाखवावा लागू शकतो. २६ मे २०२२ पासून वर्षात २० लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख भरणाऱ्यास पॅन किंवा आधार क्रमांक देणे आवश्यक करण्यात आले. रोजच्या व वार्षिक मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून मोठी रक्कम नेण्यापूर्वी शाखेत चालू मर्यादा विचारावी. बाजार समितीची हिशेबपट्टी, तोलपावती व सातबारा जपून ठेवल्यास उत्पन्नाचा पुरावा आपोआप तयार राहतो.

९. बचत खाते व कर्ज खाते वेगळे

पीककर्जाची परतफेड करताना पुष्कळांची एक चूक होते. बचत खात्यात पैसे भरले की कर्ज फिटले, असा समज असतो. बचत खात्यात रक्कम पडून राहिली आणि कर्ज खात्यात मुदतीत जमा झाली नाही, तर ते कर्ज थकीत धरले जाऊ शकते. मुदतीत फेड करणाऱ्यास पीककर्जावरील व्याजात मिळणारी ३ टक्क्यांची सवलत अशा वेळी हातची जाते. दोन लाखांच्या कर्जावर वर्षाला ही सवलत ६,००० रुपये होते. म्हणून भरणा करताना कर्ज खात्याचाच क्रमांक लिहावा व मुदतीपूर्वी कर्ज खात्याचा उतारा घ्यावा. गटसचिवाकडे रोख दिल्यास सोसायटीची छापील, क्रमांकित पावती घ्यावी.

पैसे जमा न झाल्यास काय करावे

प्रथम पावती, संदेश किंवा व्यवहार क्रमांक घेऊन शाखेत लेखी अर्ज द्यावा व त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. चुकीच्या खात्यात रक्कम गेली असल्यास पाठविणाऱ्याच्या बँकेत त्वरित कळवावे. ज्याच्या खात्यात ती गेली, त्याच्या संमतीशिवाय बँक ती सहसा परत काढू शकत नाही, म्हणून विलंब घातक ठरतो. बँकेने ३० दिवसांत दाद न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. फसवणूक झाल्यास मात्र एक तासही न दवडता आपल्या बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढे काढली जाण्यापूर्वी ती थांबविणे शक्य असते.

थोडक्यात महत्त्वाचे

• खाते क्रमांक दोनदा वाचावा, नाव पाहूनच पैसे भरावेत.
• पावतीशिवाय कोणाच्याही हाती रोख देऊ नये.
• पैसे घेण्यासाठी पिन कधीही देऊ नये.
• धनादेश मिळताच बँकेत भरावा, तीन महिन्यांची मुदत विसरू नये.
• दोन लाख किंवा अधिक रक्कम रोखीने घेऊ नये.
• कर्जाची फेड कर्ज खात्यातच करावी.
• महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्यावे व हिशेबपट्टीशी जुळवून पाहावे.

यंत्रे व मोबाईल यांमुळे बँकेची पायरी गावाजवळ आली आहे, यात शंका नाही. त्यांचा लाभ शेतकऱ्यांनी जरूर घ्यावा. परंतु पासबुकात नोंद दिसेपर्यंत व्यवहार पुरा झाला असे मानू नये. धान्य खळ्यावरून घरात येईपर्यंत जशी राखण करतो, तशीच राखण त्याच्या पैशाचीही करावी.